संत जोसेफ वाझ : मेंढरांमागे निघालेला मेंढपाळ

नाताळच्या दिवसांत दहिसरच्या घराघरांत गोठा सजतो. पेंढा, कागदाचे डोंगर, दिव्यांची माळ, बाळ येशू, पवित्र मरिया, संत योसेफ आणि थोड्या अंतरावर दोन-तीन मेंढपाळ. त्यांपैकी एखाद्याच्या खांद्यावर कोकरू असते, एखाद्याची काठी मागच्याच वर्षी मोडलेली असते. तीन राजांचा सण झाला की हा सारा संसार वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातो. त्यानंतर दहाच दिवसांनी, १६ जानेवारीला, ख्रिस्तसभा अशा एका धर्मगुरूंचा सण साजरा करते, ज्यांनी मेंढपाळाचे काम आयुष्यभर अनवाणी पायांनी केले. गोव्याचे सुपुत्र आणि श्रीलंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ यांच्या जीवनाकडे आज आम्ही वाचकांना नेऊ इच्छितो. गोव्यात जन्मलेल्या आणि लंकेत देह ठेवलेल्या या संताचे आम्हा दहिसरकरांशी काय नाते, असा प्रश्न कोणी विचारील. ते नाते मंडपेश्वरच्या टेकडीवर सापडते. त्याविषयी ओघाने येईलच.

इमारतींत वाढणाऱ्या आमच्या मुलांनी मेंढपाळ पाहिला तो गोठ्यातला, रंगवलेला. घाटावरचे धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणात उतरतात. त्यांना ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की या धंद्यात रंगीबेरंगी असे काही नाही. उन्हातान्हातली पायपीट, उघड्यावरची रात्र, लांडग्याची भीती आणि लंगडणाऱ्या कोकरासाठी साऱ्या तांड्याचे थांबणे, असा हा धंदा. पवित्र शास्त्रातले मेंढपाळही असेच आहेत. याकोबाने लाबानाची मेंढरे वीस वर्षे राखली, दिवसा उन्हाने होरपळत आणि रात्री थंडीने काकडत. मोशे मिद्यान देशात सासऱ्याचा कळप चारीत असताना जळत्या झुडपापाशी देवाची हाक आली. दावीदाने कोकरासाठी सिंहाशी व अस्वलाशी झुंज घेतली. आणि मेंढरांना खाऊन स्वतः पुष्ट झालेल्या मेंढपाळांवर देवाचा कोप किती भडकला, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच अध्यायात देव स्वतःच मेंढरांचा शोध घ्यायला निघण्याचे वचन देतो. प्रभू येशूने उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांच्यातला जो फरक सांगितला तो थोडक्यात असा की, लांडगा आला म्हणजे मोलकरी पळतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंकेतल्या कॅथलिक समाजावर नेमका असाच प्रसंग ओढवला होता.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. (ही साष्टी गोव्यातली. आमच्या ठाणे-वांद्र्याच्या बेटालाही हेच नाव आहे, त्यामुळे वाचकांचा गोंधळ होऊ नये.) वडील क्रिस्तोवांव वाझ सांकवाळचे, आई मारिया दि मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घर सुस्थितीतले आणि भक्तिवान. कोंकणी ही मायबोली. सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकून ते पुढील शिक्षणासाठी गोवा शहरात गेले. तेथे येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि नंतर डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्विनास विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ मध्ये आर्चबिशप ब्रांदांव यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा झाल्यावर या तरुण धर्मगुरूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायांतली पादत्राणे काढून टाकली. गोव्यातले गरीब अनवाणी चालत, म्हणून आपणही तसेच चालावे एवढाच त्यांचा विचार. एरवी त्या काळच्या गोव्यात धर्मगुरूला समाजात मोठा मान होता आणि पादत्राणे हा त्या मानाचाच भाग होता. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून वाहून घेतले आणि तसा लेखच लिहून वेदीवर ठेवला. त्या चर्चची आता केवळ दर्शनी भिंत उभी आहे. दर जानेवारीत सांकवाळला त्यांच्या सणाला भाविकांची गर्दी होते.

लंकेतल्या श्रद्धावंतांची वार्ता त्यांच्या कानी याच सुमारास आली. डच लोकांनी १६५६ मध्ये कोलंबो व १६५८ मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. नवे राज्यकर्ते कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्च ताब्यात घेतले आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास जबर शिक्षा ठरवली. पोर्तुगीज मिशनरी गेले ते परत आले नाहीत. आम्ही त्यांना सरसकट मोलकरी म्हणणार नाही. कित्येकांना बळेच जहाजावर चढवले गेले होते. पण मेंढरांच्या दृष्टीने पाहिले तर परिणाम एकच होता. वर्षांमागून वर्षे गेली. मिस्साबलिदान नाही, पापनिवेदन नाही, मरणोन्मुखाच्या कपाळी तेल लावायला कोणी नाही. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, त्यांनाही मुले झाली, आणि धर्मगुरू कसा असतो हे त्यांपैकी अनेकांनी पाहिलेच नव्हते.

फादर जोसेफ यांनी लंकेला जाण्याची परवानगी मागितली, पण १६८१ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती कानडा प्रांतात. तेथेही कळपाची दैना होती, मात्र कारण वेगळे होते. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराखालचे धर्मगुरू आणि रोमहून थेट नेमलेला अधिकारी यांच्यात हक्कांचा वाद पेटला होता. एकाने दिलेले संस्कार दुसरा अवैध ठरवी आणि बिचारे भाविक मधल्या मधे भरडले जात. यहेज्केलाच्या त्या अध्यायात मेंढरांना शिंगांनी ढुसण्या देणाऱ्या पुष्ट मेंढरांचाही उल्लेख आहे, तो अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. जोसेफ वाझ यांनी वरिष्ठांचा मान राखून सामोपचाराने मार्ग काढला आणि मंगळूर, बसरूर, कल्याणपूर या भागांत पायी फिरून विस्कटलेली घडी पुन्हा बसवली. १६८४ मध्ये ते गोव्याला परतले.

गोव्यात तेव्हा काही एतद्देशीय धर्मगुरू जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या चर्चमध्ये एकत्र राहून व्रतस्थ जीवन जगू पाहत होते. युरोपीय संघांचे दरवाजे या भूमिपुत्रांना बहुतांशी बंद होते, हे सत्य कटू असले तरी सांगितले पाहिजे. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर जोसेफ त्यांच्यात सामील झाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या नियमांवर उभा राहिलेला हा संघ पुढे लंकेच्या मिशनचा आधारस्तंभ ठरला. पण प्रमुखपदावर ते फार दिवस टिकले नाहीत. लंकेची ओढ काही कमी होत नव्हती. १६८६ मध्ये पद सोडून ते दक्षिणेकडे निघाले. सोबत जुवांव नावाचा एक विश्वासू सेवक होता. चरित्रकार या जुवांवला दोन-चार ओळींत आटोपतात याची आम्हाला नेहमीच खंत वाटते. पुढची सारी संकटे, उपासमार आणि तुरुंगवाससुद्धा त्याने आपल्या धन्याबरोबर भोगला आहे.

किनाऱ्याकिनाऱ्याने ते तूतुकुडीला पोहोचले. तेथून लंकेत शिरायचे तर धर्मगुरूच्या झग्यात शक्यच नव्हते. फादर जोसेफ यांनी भिकाऱ्याचा वेष घेतला. समुद्रात वादळाने गाठले, अन्नपाणी संपले. मन्नारमार्गे जाफन्याला पाय टेकले तेव्हा १६८७ साल उजाडले होते. धर्मगुरूंवाचून एकोणतीस वर्षे लोटली होती. आल्या आल्या त्यांना हगवणीने घेरले. साथ पसरेल या भयाने त्यांना रानातल्या एका झोपडीत टाकण्यात आले. जुवांवही आजारी पडला. परंपरा सांगते की, एका बाईने दोघांना कांजी आणून दिली आणि त्या कांजीवर ते जगले. कळप शोधायला आलेल्या मेंढपाळाला कळपाच्या मुलखातल्याच एका गरीब बाईने वाचवले. देवाची निगराणी अशा आडवाटेने येते.

बरे वाटू लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आपली मेंढरे ओळखायची कशी? भीतीपोटी कोणी उघडपणे स्वतःला कॅथलिक म्हणवीत नव्हते. फादर जोसेफ यांनी जपमाळ गळ्यात ठळक दिसेल अशी घातली आणि ते दारोदार भीक मागू लागले. बहुतेकांचे लक्ष भिक्षापात्राकडे जाई. एखाद्याची नजर मात्र जपमाळेवर खिळे. त्या घरी ते पुन्हा पुन्हा जात. पुरती खात्री पटल्यावर एके दिवशी हळूच सांगत की आपण धर्मगुरू आहोत. योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात असे सांगितले आहे. येथे आवाज काढण्याचीही सोय नव्हती. ओळख पटली ती माळेवरून.

मग सिल्लालै या गावी एका श्रद्धावंताच्या घरी त्यांचा मुक्काम हलला. दिवसा लपून राहायचे, रात्री एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायचे, उजाडण्यापूर्वी मिस्सा, स्नानसंस्कार, विवाह, आजाऱ्यांना तैलाभ्यंग सारे उरकायचे. गावाच्या वाटेवर पहारे बसत. तमिळ भाषा त्यांनी याच लोकांकडून आत्मसात केली. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. जोसेफ वाझ येईपर्यंत त्या एकोणतीस वर्षांत विश्वासाचा दिवा तेवत ठेवला तो प्रापंचिकांनी. आजीने नातवाला शिकवलेल्या प्रार्थना, भिंतीत दडवलेली एखादी मूर्ती, रात्री दार लावून म्हटलेली रोझरी, एवढ्या शिदोरीवर त्या पिढ्या तगल्या. मेंढपाळ नसतानाही कुरणात गवत उगवत होते, ते कोणाच्या कृपेने, हे निराळे सांगायला नको.

१६८९ च्या नाताळच्या रात्री घाला पडला. जाफन्याचा डच अधिकारी फ्लोरिस ब्लोम याला सुगावा लागला होता. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी जमलेले सुमारे तीनशे भाविक सैनिकांच्या हाती सापडले. फादर जोसेफ मात्र निसटले. पकडलेल्यांपैकी आठ प्रमुख पुरुषांना अमानुष मारहाण झाली आणि त्यांपैकी एक, डॉन पेद्रो, त्या मारानेच मरण पावला. बाकीच्यांना सक्तमजुरी. हा प्रसंग लिहिताना आमचा हात अडखळतो. मेंढपाळ वाचला आणि मेंढरे फटक्यांना सामोरी गेली, असे येथे घडले. ज्या घरांनी त्यांना दडवले त्यांच्यावर आलेले हे संकट फादर जोसेफ यांच्या मनाला किती टोचले असेल, याची कल्पना करावी. गोव्याला परतण्याची वाट खुली होती. ते परतले नाहीत. डच हद्दीबाहेर, कँडीच्या राजाच्या मुलखातील पुत्तळम येथे त्यांनी काम सुरू केले आणि १६९२ मध्ये थेट राजधानी कँडी गाठण्याचे ठरवले.

कँडीला त्यांचे स्वागत बेड्यांनी झाले. पोर्तुगीजांचा हेर आला आहे, असे एका फ्रेंच कॅल्विनपंथीयाने राजाच्या मनात भरवले होते. राजे विमलधर्मसूर्य दुसरे यांनी फादर जोसेफ व जुवांव यांना बंदिवासात टाकले. पहारेकऱ्यांना हळूहळू कळून चुकले की हा कैदी पळूनही जात नाही आणि कुरकुरही करीत नाही. नियम सैल झाले. बंदिवासाच्या आवारातच एक खोपटे उभारून त्यांनी त्याची प्रार्थनागृहासारखी मांडणी केली आणि दरम्यान सिंहली भाषा शिकून घेतली. शहरातले कॅथलिक चोरून भेटीस येऊ लागले.

पुढे कँडीत मोठा दुष्काळ पडला. बौद्ध भिक्षूंनी प्रार्थना केल्या, पाऊस आला नाही. मग राजाने या कैद्याला बोलावले. भर चौकात वेदी मांडून क्रूस उभा करून फादर जोसेफ गुडघ्यांवर बसले आणि धो धो पाऊस कोसळला, वेदी व ते स्वतः मात्र कोरडे राहिले, अशी लंकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. यानंतर राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने फिरण्याची मुभा दिली. ज्या राज्यकर्त्याचा धर्म निराळा त्याने कॅथलिक धर्मगुरूला संरक्षण द्यावे आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या डचांनी त्याच्या मागे सैनिक सोडावेत, ही इतिहासातली विसंगती दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या दृष्टीने त्यांच्या जीवनातला सर्वांत मोठा प्रसंग पावसाचा नाही, देवीच्या साथीचा आहे. १६९७ मध्ये कँडीत देवीची भयंकर साथ उसळली. राजा राजधानी सोडून गेला. रोग्यांना घरचेच लोक रानात नेऊन टाकू लागले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि लस यायला शंभर वर्षे होती. फादर जोसेफ आणि त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हाल्यो (ते नुकतेच गोव्याहून मदतीला आले होते) ओस पडलेल्या शहरात राहिले. टाकून दिलेल्या रोग्यांना गोळा करणे, त्यांच्यासाठी खोपटी उभारणे, फोड धुणे, हाताने भरवणे आणि मेलेल्यांना खड्डे खणून पुरणे हे सारे त्यांनी केले. रोगी कोणत्या धर्माचा याची चौकशी नव्हती. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ शंभरांतल्या एका हरवलेल्या मेंढरासाठी रानात जातो. हा मेंढपाळ तर आपल्या कळपाबाहेरच्या मेंढरांसाठीही रानात गेला. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत आम्ही सारे घरात कोंडले गेलो होतो, शेजाऱ्याच्या दाराची घंटा वाजवायलाही धजत नव्हतो. ते आठवले म्हणजे कँडीतल्या त्या महिन्यांचे मोल कळते.

त्यानंतरची वर्षे अविरत भटकंतीची होती. डच मुलखात ते भिकारी, हमाल अशा वेषांत शिरत. गोव्याहून ऑरेटरीचे आणखी धर्मगुरू येत गेले. त्यांतले दिवाडीचे फादर जॅकोमे गोन्साल्वीस १७०५ मध्ये आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत जी विपुल ग्रंथरचना केली तिच्यामुळे आजही सिंहली साहित्यात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. लोकांच्या भाषेत प्रार्थना व प्रबोधन व्हावे हा आग्रह फादर जोसेफ यांचाच होता. मराठीतून मिस्सा ऐकणाऱ्या आम्हाला त्यात नवल वाटत नाही, पण तो काळ अठराव्या शतकाच्या आरंभीचा होता. त्यांना बिशप करण्याची बोलणीही झाली. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

१७१० च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. अंगात त्राण नसताना आजाऱ्यांकडे जाणे थांबले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय साठीच्याही आत होते. भारताच्या किनाऱ्यावर ते पुन्हा कधीच आले नव्हते. कँडीतले ते चर्च पुढे नष्ट झाले आणि त्यांच्या समाधीची जागाही त्याबरोबर हरवली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी, त्यांच्या सणाच्या दोन दिवस आधी, पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून कोलंबोच्या गॅले फेस मैदानावर त्यांना संतपद बहाल केले. योगायोग असा की, पोप फ्रान्सिस २०२५ साली निवर्तले ती तारीख २१ एप्रिल, संत जोसेफ वाझ यांचा जन्मदिवस.

आता मंडपेश्वरकडे वळू. दहिसरहून आय. सी. कॉलनीकडे जाताना लागणाऱ्या या टेकडीत प्राचीन शिवलेणे आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ते आपल्या ताब्यात घेऊन तेथे चर्च केले आणि वर मठ बांधला. ज्यांचे ते मंदिर होते त्यांच्या मनाला झालेली जखम आम्ही विसरता कामा नये. आज लेण्यात पुन्हा शिवाची पूजा होते आणि माथ्यावर मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याच्या आगेमागे उत्तरेकडील या सगळ्या मुलखातून युरोपीय मिशनरी निघून गेले. दहिसर, बोरिवली, वसई, ठाणे येथील आमचे पूर्वज मागे राहिले, जाफन्याच्या लोकांसारखेच.

त्या वेळी या कळपांचा सांभाळ एतद्देशीय धर्मगुरूंकडे आला. मराठ्यांच्या राजवटीत त्यांना आपली सेवा उघडपणे करता आली. जाफन्यासारखे लपावे लागले नाही, हे मराठा राज्यकर्त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यू पेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टी बेटावर आला, तेव्हा ठाण्याच्या चर्चमधील सणाला हजारो भाविक जमलेले त्याने पाहिले आणि वेदीपाशी उभे असलेले धर्मगुरू या मातीतलेच होते. जोसेफ वाझ यांना जाऊन तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती. गोव्याच्या ज्या गावांतून, ज्या सेमिनरींतून ते निघाले होते, तेथूनच हे धर्मगुरू घडले होते. त्यांच्या नावाने चर्च नाहीत, तसबिरी नाहीत. पावसाळ्यात खाड्या ओलांडून, भाताच्या बांधांवरून चालत ते आमच्या पाड्यांवर येत, मुलांना स्नानसंस्कार देत, म्हाताऱ्यांची पापनिवेदने ऐकत. येत्या १६ जानेवारीला वेदीवर संत जोसेफ वाझ यांचे नाव घेतले जाईल, तेव्हा मंडपेश्वरच्या वाटेने चालत आलेल्या त्या धर्मगुरूंसाठीही एक मेणबत्ती लावावी, असा आमचा मानस आहे.